आबांचं पथ्य

सोमवार, ३ ऑक्टोबर १९४९. शिवाजी पेठ, कोल्हापूर.

रोजनिशी आज पुन्हा धरतो आहे. संस्थान विलीन झालं त्या मार्चमध्ये सोडली होती. मोजणी खात्यात अठ्ठावीस वर्षं रोजचं रोज लिहीत आलो. खातं मुंबई सरकारकडे गेलं, मला मुदतीआधी घरी बसवलं, आणि मग लिहावं असं काही घडेना. आता कारण मिळालं आहे.

दसऱ्याला सोनं द्यायला चार घरं फिरलो आणि चौथ्या घराच्या पायरीवरच बसलो. दम लागला होता. दोन महिने हेच चाललं आहे. संध्याकाळी पाय सुजतात, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. जीभ सोलल्यासारखी, अन्नावर वासना नाही. आज मुलानं, बाळासोनं, दत्तोपंत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"हंबीरराव, तुमच्या अंगात रक्त नाही. औषध देतो. पण औषधानं निम्मं काम होईल, उरलेलं तुमच्या ताटात आहे."

कागदावर लिहून दिलं: रोज शेरभर दूध. दोन अंडी. आठवड्यातून दोनदा बोकडाचं काळीज. मटणाचं अळणी पाणी. रोज एक पालेभाजी. मोड आलेले मूग. शेंगदाणे आणि गूळ. हातसडीचा तांदूळ. डॉक्टर स्वतः मांसाला शिवत नाहीत, पण काळीज या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

वजन एकशे अकरा पौंड.

घरात आम्ही चौघं. मी. माझी थोरली बहीण आक्का, विधवा झाल्यापासून इथंच असते. बाळासो, उद्यमनगरात इंजिनाच्या कारखान्यात फिटर आहे. आणि त्याची बायको हौसा, मुरगूडच्या आकाराम पाटलांची मुलगी. लग्नाला तीन वर्षं होत आली. माझी पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

पथ्य सुरू. ज्ञानू गवळी रोज शेरभर दूध घालतो. ते चहाला, बाळासोला वाटीभर आणि राहिलेल्याचं ताक, असं चालत होतं. आणखी शेरभर मिळेल का विचारलं, तर म्हशी आटल्या आहेत म्हणाला. तेव्हा आक्कानंच निकाल दिला.

"समदं हंबीरला. कर्ता मानूस जगला तर घर जगलं. आमी काय, कोऱ्या च्यावर भागवतो."

अंडी आक्काच्या कोंबड्यांची आहेत. तीही आता बाहेर जाणार नाहीत.

हौसा चौथी शिकलेली आहे. डॉक्टरांचा कागद तिनं वाचून घेतला आणि चुलीशेजारच्या फळीला खिळ्यानं अडकवला. कशाला कधी भिजत घालायचं, काय किती, सगळं तिनं पाठ केलं आहे. मला हाक मारावी लागत नाही. सहा वाजता दूध, आठला अंडी, बाराला जेवण. खात्यात असतानासुद्धा इतका नेमका माणूस माझ्या हाताखाली नव्हता.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

काळीज पहिले दोन दिवस गिळवेना. आज हौसानं तव्यावर मीठ-मिरी लावून परतलं, वर लिंबू पिळलं. खाल्लं गेलं. ती दाराआड उभी राहून बघत होती. मी ताटात एक तुकडा ठेवला, तर आतून म्हणाली, "समदं संपवायचं म्हनून लिवलंय मामंजी."

मी संपवलं.

बुधवार, २ नोव्हेंबर

आक्कानं सांगितलं, हौसाला दिवस गेले आहेत. पाचवा महिना लागेल. तीन वर्षांनी देवीनं कौल दिला. अंबाबाईला जाऊन आलो. येताना महाद्वार रोड न थांबता चढलो, हेही नोंदण्यासारखं आहे.

वजन एकशे सोळा.

रविवार, २० नोव्हेंबर

वजन एकशे वीस. जीभ बरी झाली. डॉक्टर खूश आहेत. दुसऱ्या रोग्यांना माझं उदाहरण देतात असं कंपाउंडर म्हणाला. खरं लिहायचं तर हे ऐकून बरं वाटलं. मार्चपासून मला कोणी कशासाठीही उदाहरण म्हणून घेतलं नव्हतं.

दोन गोष्टी घरातल्या. एक, हौसानं पायातली जोडवी काढून ठेवली आहेत. सवाशिणीला हे शोभत नाही असं मी आक्काकरवी सांगितलं. उत्तर आलं की घट्ट होतात. तीन वर्षं घट्ट झाली नाहीत ती आत्ताच कशी?

दुसरं, चुलीमागच्या भिंतीची माती ओंजळभर पोखरलेली दिसली. उंदीर असणार. बाळासोला पिंजरा आणायला सांगितला.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

पिंजऱ्यात काही सापडत नाही. भिंत मात्र पोखरली जातेच आहे.

रविवार, ११ डिसेंबर

मुरगूडहून आकाराम पाटील आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्याला घेऊन जातो म्हणाले. रीत आहे, त्यांचं चूक नाही. पण माझ्या पथ्याचा ऐन मोका आहे. आक्काला मापं कळत नाहीत, वाचता येत नाही, तिचं अळणी खारट होतं. मी स्पष्ट बोललो.

"संक्रांतीपर्यंत राहू द्या. डॉक्टरांनी तीन-चार महिने सांगितलेत. हौसाशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

आकारामांनी पटक्याचा शेव हातात घेऊन पिळला. मग म्हणाले, "पोरगी वाळल्यागत दिसत्या, पावणं."

आक्का म्हणाली, "पहिलटकरनीचं तसंच असतंय. लई खाल्लं तर पोर मोठं हुतंय, मग अडतंय. म्हनून आमी बेतानंच वाढतो."

आकारामांनी लेकीकडे बघितलं. ती खाली बघत होती. "तुजं काय म्हननं हाय?" असं त्यांनी विचारलं. बाप असून भलत्याच गोष्टी विचारतात. ती म्हणाली, "मामंजींचं पथ्य होऊ दे. मग येतो."

तिनं स्वतःहून म्हटलं, तेव्हा माझ्या मनावर काही राहिलं नाही. तरी आकाराम उठले तेव्हा त्यांनी माझ्या ताटाकडे एकदा पाहिलं. हौसानं नुकतंच आणून ठेवलं होतं. ती नजर मला आवडली नाही. का आवडली नाही, ते अजून उमगत नाही.

बाळासो रात्री घुम्यासारखा जेवला. विचारलं तर "काय न्हाय" म्हणाला.

शनिवार, १४ जानेवारी १९५०

संक्रांत. हौसाला आज तिळाचं जरा जास्त द्या असं मीच सांगितलं.

दिवेलागणीला वाईट झालं. दुधाचं पातेलं घेऊन येताना ती उंबऱ्याला अडखळली आणि सगळं दूध सोप्यात सांडलं. या आठवड्यातली तिसरी वेळ. परवा तांब्याला पाय लागला, त्याआधी भिंतीवर आदळली. दिवसा हरणासारखी वावरते, आणि दिवस मावळला की आंधळ्यासारखी चाचपडते. लक्ष नसतं, दुसरं काय.

मी रागावलो नाही. फक्त म्हणालो, "पोरी, शेरभर दूध गेलं बघ." ती खाली बसून फडक्यानं पुसत होती. पुसता पुसता एकदा थांबली. फडकं पिळून ते दूध तिनं मांजराच्या वाटीत घातलं, आणि वाटीकडे बघत राहिली.

गुरुवार, २६ जानेवारी

आज प्रजासत्ताक. सकाळी प्रभातफेरी निघाली, मी पूर्ण फिरलो. दुपारी रंकाळ्याला एक पुरी चक्कर मारली. चार महिन्यांपूर्वी हा माणूस पायरीवर बसला होता.

वजन एकशे बत्तीस. दत्तोपंतांनी पापणी ओढून बघितली आणि हसले. "झालं तुमचं काम. आता दूध अर्धा शेर पुरे. काळीज बंद केलं तरी चालेल. उरलेलं घरात खाऊ दे की सगळ्यांना."

इथं लिहून ठेवतो, कारण ही वही दुसरं कुणी वाचत नाही. घरी मी हे सांगितलं नाही. रात्री सायीचं दूध समोर येतं, त्याची सवय झाली आहे. सगळं घर माझ्या वेळेवर चालतं, त्याचीही. एक महिना आणखी चालू द्यावं. हौसाला पाठवायचं आहे, तेव्हा आपोआप कमी होईलच.

आकारामांचं पत्र आलं आहे. संक्रांत उलटली, पंधरवड्यात न्यायला येतो म्हणतात.

बुधवार, ८ फेब्रुवारी

सकाळी सहाचं दूध आलं नाही. हाक मारली. आत गेलो तर हौसा चुलीसमोर कुशीवर पडलेली, दूध उतू जाऊन विस्तव विझलेला. तोंड हळदीसारखं. बाळासोनं तिला टांग्यात घातलं, आक्का बरोबर बसली. मी मागून दवाखान्यापर्यंत पायी गेलो. अर्धा कोस चाललो असेन. दम लागला नाही.

संध्याकाळी मुलगी झाली, आठव्या महिन्यातली. रडली, पण मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. हौसा शुद्धीवर नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला आणि आक्काला बोलावलं. साठीच्या असतील, बसा म्हणाल्या नाहीत.

"घरातले वडील तुम्ही?"

"होय."

"ही काय खात होती?"

मी म्हणालो, घरात काही कमी नाही. दूध असतं, अंडी असतात, पालेभाजी रोज होते, आठवड्यातून दोनदा...

"घरात काय असतं ते विचारलं नाही. ही काय खात होती?"

गेल्या चार महिन्यांत मी काय खाल्लं ते मी तारखेनिशी सांगू शकतो. तिनं काय खाल्लं ते मला माहीत नाही. काही खात असेलच, एवढंच मी धरून चाललो होतो.

आक्का बोलली. भाकरी, खरडा, कोरा चहा. उरलं तर पातळ आमटी. बाईंनी पुढचं विचारलं, तेही आक्कालाच. पाय सुजत होते? व्हय. जोडवी शिरंनात. जिन्यावर दम? व्हय. दिवस मावळल्यावर दिसायचं नाही?

"आंधळं पडायचं पोरीला," आक्का म्हणाली. "पोटुशीला पडतंय कुनाकुनाला."

"माती खायची?"

"खायची की. चुलीमागली. डोहाळंच तसलं."

घरात उंदीर नव्हते.

बाई मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कधी असं झालं होतं का?" मी म्हणालो, हो, सप्टेंबरात. पाय, दम, जीभ, सगळं हेच. "मग काय केलंत?" मी सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबलो. त्यांनीही पुढं विचारलं नाही. हौसाला काळजाच्या अर्काची इंजेक्शनं द्यायची आहेत, एवढं सांगून त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

रविवार, १२ फेब्रुवारी

मूल पहाटे गेलं. नाव ठेवायचं राहिलं. बाळासोनं आणि मी पंचगंगेकाठी नेलं. कापडात गुंडाळलेलं इतकं हलकं होतं की बाळासोनं वाटेत दोनदा पदर उघडून बघितलं. परत येताना त्याच्याशी बोलायला गेलो, तर तो चार पावलं पुढं चालू लागला. तसाच घरापर्यंत पुढं चालला.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

दूध, अंडी, अळणी, सगळं दवाखान्यात जातं आहे. मी स्वतः डबा घेऊन जातो. मी कोपऱ्यात दिसलो की हौसा पदर सावरते आणि डबा बाजूला ठेवते, म्हणून दारातूनच नर्सकडे देतो.

आज आक्काला म्हटलं, हे तू मला का सांगितलं नाहीस.

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "काय सांगायचं? मला जसं वाडलं तसं मी वाडलं. तिला मी वंगाळ वागवलं न्हाय हंबीर."

"तू काय खातेस?"

"उरंल त्ये. पन्नास वरसं झाली." भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "चार बाळंतपनं झाली माजी. तीन पाळण्यात गेली, एक वरसाचं होऊन गेलं. कुनी इचारलं न्हाय काय खाल्लीस म्हनून. नशीब म्हनाले. मीबी नशीबच म्हनालो."

आक्काची मुलं गेली हे मला माहीत होतं. चार होती हे माहीत नव्हतं. मी तेव्हा शाळेत होतो, नंतर नोकरीत. तिच्या हाताच्या नखांकडे आज पाहिलं. दत्तोपंतांनी माझी पाहिली होती तशी. पांढरी आहेत.

तिला पाट घेऊन समोर बस म्हटलं. ऐकलं नाही. भाकरी माझ्या ताटात टाकली आणि तोंड फिरवून चुलीकडे बसली.

रविवार, १९ मार्च

पाडवा. गुढी उभी केली. हौसा दवाखान्यातून परस्पर मुरगूडला गेली त्याला आज सोळा दिवस झाले. आकाराम न्यायला आले तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी नमस्कार केला, त्यांनी केला.

जेवताना बाळासो म्हणाला, "आबा, उद्यमनगरात एक खोली बघितल्या. हौसा आली की तितं ऱ्हातो आमी."

मी ताट पुढं सारलं. मग विचारलं, "मी डॉक्टरांनी दूध कमी करायला सांगितलेलं लपवलं, हे तुला कळलंय?"

त्याला माहीत नव्हतं. त्याच्या तोंडावरून ते दिसलं. का सांगितलं मी, कोण जाणे. वहीत लिहून भागेना. तो हात धुऊन उठला, दारात थांबला, म्हणाला, "मलाबी दिसत हुतं आबा. ती वाळताना. मी तरी काय केलं? वाटीभर दुदाचं नाव काडलं न्हाय." आणि गेला.

आज आक्कासाठी वेगळी वाटी भरून ठेवली होती. संध्याकाळी पाहिलं तर तिनं ती अर्धी प्यायली होती. अर्धी माझ्यासाठी झाकून ठेवली होती.

रविवार, ७ मे

मुरगूडला जाऊन आलो.

बाळासो दर रविवारी जातो. आज मी येतो म्हणालो, तर त्यानं नको म्हटलं नाही, चला असंही म्हटलं नाही. मोटारीत शेजारी बसलो. गावात उतरल्यावर तो मागं राहिला. "तुमी व्हा फुडं," म्हणाला.

आकाराम गोठ्यात वैरण टाकत होते. मला बघून हात झाडले. "या पावणं. न्ह्यायला आलाय?"

"न्हाय. बघायला."

ते दोन पावलं पुढं आले. "त्या टायमाला मी बोलाय पायजे हुतं," म्हणाले. "तुमी ठेवून घेता, आनि मी बैलं जुपून मोकळा परत येतो. बाप हाय न्हवं मी." मला वाटलं होतं माझ्यावर रागावतील. "आत हाय," म्हणाले, आणि पुन्हा वैरणीकडे वळले.

सोप्यात गेलो. आतल्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. हौसा आणि तिची आई समोरासमोर मांडी घालून जेवत होत्या. हौसाचा पदर खांद्यावर. भाकरी मोडून आमटीत कुस्करली होती, वर अंबाडीची भाजी, शेजारी दुधाची वाटी. ती घाईनं खात नव्हती. घास घेऊन चावत होती, आईचं काहीतरी ऐकत होती, मधेच भरल्या तोंडानं हसली आणि हाताच्या पाठीनं तोंड पुसलं. दुसरी भाकरी स्वतः ओढून घेतली.

तीन वर्षं ती माझ्या घरात होती. तिला जेवताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

मग तिनं वर बघितलं. हात ताटातून निघाला, पदर डोक्यावर गेला, ताट मागं सरकलं, सगळं एका क्षणात.

"जेव पोरी," मी म्हटलं.

ती उठून उभी राहिली. उष्टा हात तसाच. आई आत मजघरात गेली. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवून आलो होतो. माझं चुकलं, मुलीचं पाप माझ्या डोक्यावर आहे, असं बरंच काही. पण विचारलं एवढंच, "घरी कधी येशील?"

तिनं तोंड वर केलं. गाल भरले आहेत. डोळ्याखालचं काळं गेलं आहे. इतक्या दिवसांत ती माझ्या तोंडाकडे बघून कधी बोलली नव्हती.

"मामंजी, तुमच्यावर राग न्हाय माजा. त्यांनी खोली बघितल्या, तितं यीन मी आखाडात. आत्याबाईंना भेटाय यीन. पर त्या घरात न्हाय यायची." मग म्हणाली, "तितं मला भूकच लागत न्हाय."

मी "बरं" म्हणालो.

ती तशीच उभी होती. मी सोप्यात बसलो असतो तर ती पुन्हा ताटावर बसली नसती, हे मला कळलं. म्हणून बाहेर आलो आणि गोठ्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. तिथं सावली नव्हती. मे महिन्याचं दुपारचं ऊन. आत ताट सरकल्याचा आवाज आला, मग आईचं बोलणं, मग काही नाही.

थोड्या वेळानं आकाराम वैरणीची पेंढी घेऊन जवळून गेले आणि थांबले.

"पावणं, उन्हात का हुबारलाय?"

म्हटलं, "पोरगी जेवतीया."